फ्लोरेन्स: सावकारांचे वाडे, महागडी दालने आणि त्यांना जोडणारी एक पायवाट

अर्नोकाठ (धागाकर्ता)

फ्लोरेन्सला जाणारे आपल्याकडचे बहुतेक प्रवासी दोन याद्या घेऊन निघतात. पहिलीत कॅथीड्रलचा घुमट, उफीझी चित्रसंग्रहालय आणि मायकेलँजेलोचा दाविद असतो. दुसरीत चामड्याची पिशवी, सोन्याची साखळी आणि नामांकित कंपन्यांची दालने. सकाळ पहिल्या यादीला दिली जाते आणि पाय थकल्यावर संध्याकाळी दुसरी उरकली जाते. माझे सांगणे असे आहे की या शहरात तरी या दोन याद्या एकत्र कराव्यात. इथली स्मारके ज्या पैशातून उभी राहिली तो पैसा लोकर, रेशीम, सोने आणि सावकारी यांतून आला, आणि आज काचेआड हजारो युरोंच्या वस्तू जिथे मांडलेल्या दिसतात त्यांतल्या कित्येक इमारती त्याच व्यापाऱ्यांचे वाडे आहेत. दुकानांचा रस्ता नीट पाहिला तर शहराचा इतिहास निम्मा तिथेच कळतो.

थोडी पार्श्वभूमी आवश्यक आहे. १२५२ मध्ये या शहराने फिओरिनो हे साडेतीन ग्रॅमचे शुद्ध सोन्याचे नाणे पाडले आणि त्याच्या भरवशावर युरोपभर व्यवहार होऊ लागले. व्यापारी आणि कारागीर यांचे संघ होते, त्यांना मी पुढे श्रेणी म्हणणार आहे. कालिमाला ही त्यांतली एक मातब्बर श्रेणी फ्रान्स आणि फ्लँडर्समधून जाडेभरडे लोकरी कापड आणवी, त्यावर इथे रंगकाम आणि सफाई करी आणि तेच कापड कितीतरी चढ्या भावाने परत युरोपला विकी. कॅथीड्रलसमोरच्या बाप्तिस्मागृहाची देखभाल या कालिमालाकडे होती, आणि त्याच्या काशाच्या दरवाजांसाठी १४०१ मध्ये तिनेच स्पर्धा ठेवली. ती जिंकणारा गिबेर्ती सुवर्णकार होता. हरलेला ब्रुनेलेस्की हाही सुवर्णकारच होता आणि रेशीम श्रेणीचा सदस्य होता, कारण सुवर्णकारांची नोंद त्या श्रेणीत होत असे. पुढे १४२० ते १४३६ या काळात त्याने कॅथीड्रलचा घुमट उभारला, आणि कॅथीड्रलच्या बांधकामाची जबाबदारी लोकर श्रेणीकडे होती. अनाथ बालकांसाठीचे इन्नोचेन्ती हे सुंदर कमानींचे आश्रयस्थान त्यानेच रेखले, त्याचा खर्च रेशीम श्रेणीने उचलला.

आता पायवाट. सुरुवात सांता मारिया नोव्हेल्ला या चर्चपासून करावी, कारण ते रेल्वे स्थानकाच्या समोरच आहे. चर्चच्या संगमरवरी दर्शनी भागावर, वरच्या बाजूला, मोठ्या लॅटिन अक्षरांत एक नाव कोरलेले आहे आणि पुढे रोमन आकड्यांत १४७० हे वर्ष आहे. हे नाव कोणा संताचे नसून जोव्हान्नी रुचेल्लाय या व्यापाऱ्याचे आहे. दगडफुलापासून मिळणाऱ्या जांभळ्या रंगाच्या व्यापारावर या घराण्याने संपत्ती मिळवली होती. दर्शनी भागाचा खर्च त्याने दिला, आराखडा आल्बेर्ती या वास्तुकाराने केला, आणि देणगीदाराचे नाव सर्वांना दिसेल इतक्या उंचीवर गेले. शेजारच्या व्हिया देल्ला स्काला या रस्त्यावर चर्चचा जुना औषधी आणि सुगंधी द्रव्यांचा कारखाना आहे. डॉमिनिकन साधू १२२१ मध्ये इथे आले, त्यांनी औषधी वनस्पतींची बाग लावली, आणि १६१२ मध्ये त्यांच्या औषधालयाचे दार सर्वसामान्य ग्राहकांसाठी उघडले. आज तिथे अत्तरे आणि साबण मिळतात, आणि ते महाग आहेत. परंतु भित्तिचित्रे असलेली जुनी खोली आणि लाकडी कपाटांनी भरलेले दालन पाहण्यासाठी काही विकत घ्यावे लागत नाही.

तिथून व्हिया देल्ला व्हिन्या नुओव्हा या अरुंद रस्त्याला लागावे. याच रस्त्यावर रुचेल्लाय यांचा वाडा आहे, त्याचाही आराखडा आल्बेर्तीचाच. आणि याच रस्त्यावर, १९२१ मध्ये, गुच्चो गुची याने सामानाच्या चामडी पेट्यांचे दुकान काढले. तरुणपणी त्याने लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात नोकरी केली होती आणि श्रीमंत पाहुण्यांचे सामान कसे असते हे तिथे जवळून पाहिले होते.

रस्ता संपतो तिथे समोर स्त्रोझ्झी घराण्याचा प्रचंड वाडा उभा राहतो. या वाड्याजवळ घाई करू नये असे मी प्रत्येकाला सांगतो. शहरावर वर्चस्व असलेल्या मेदिची या सावकार घराण्याच्या विरोधात गेल्यामुळे १४३४ मध्ये हे घराणे हद्दपार झाले होते. फिलिप्पो स्त्रोझ्झीने नेपल्समध्ये सावकारी करून संपत्ती कमावली, १४६६ मध्ये तो परतला, आणि मेदिचींच्या वाड्यालाही मागे टाकील असा वाडा बांधायचे त्याने मनावर घेतले. ज्योतिष्यांकडून मुहूर्त काढून १४८९ च्या ऑगस्टमध्ये पायाचा दगड बसवला गेला. दोनच वर्षांनी तो वारला. वाडा पुरा व्हायला १५३८ उजाडले. भिंतींचे फुगीर, खडबडीत दगड वरच्या मजल्यांवर हळूहळू सपाट होत जातात, ते पाहण्यासाठी रस्त्याच्या पलीकडे उभे राहावे. कोपऱ्यांवरचे लोखंडी कंदील निक्कोलो ग्रोस्सो या लोहाराने घडवले. हा लोहार इसारा घेतल्याशिवाय कोणाचेही काम हाती धरत नसे, गिऱ्हाईक कितीही मोठे असो, आणि त्यामुळे त्याचे टोपणनावच ‘इसारा’ पडले, अशी नोंद कलावंतांची चरित्रे लिहिणारा वास्तुकार व्हासारी याने केली आहे. वाड्याच्या पायाशी रस्त्याच्या बाजूने दगडी बाक आहे. त्यावर कोणीही बसावे, आजही बसतात. आतला चौक पाहायला तिकीट नाही, प्रदर्शनांना आहे.

येथून व्हिया तोर्नाबुओनी हा रस्ता अर्नो नदीच्या दिशेने उतरतो. शहरातील सर्वांत महागडी दालने याच रस्त्यावर आहेत. त्यांची नावे मी देत बसत नाही, कारण ती सर्वांना पाठ असतात. रस्त्याच्या शेवटी सांता त्रिनिता चौकात रोमच्या काराकाल्लाच्या स्नानगृहातून आणलेला दगडी स्तंभ आहे, त्याच्यावर न्यायदेवता उभी आहे, आणि चौकाच्या एका अंगाला किल्ल्यासारखा कंगोरेदार स्पिनी फेरोनी वाडा आहे. तो १२८९ मध्ये बांधायला घेतला गेला. १८६५ पासून काही वर्षे फ्लोरेन्स इटलीची राजधानी होती, तेव्हा नगरपालिकेचे कामकाज याच वाड्यातून चाले. १९३८ मध्ये तो साल्व्हातोरे फेरागामो या चर्मकाराने विकत घेतला. नेपल्सच्या बाजूच्या एका खेड्यातला हा गरीब मुलगा अमेरिकेत चित्रपटांतील नटनट्यांचे जोडे घडवून १९२७ मध्ये फ्लोरेन्सला परतला होता. इटलीवर निर्बंध आले आणि जोड्याच्या तळव्यातील पोलादी पट्टी चांगल्या प्रतीची मिळेनाशी झाली, तेव्हा त्याने बुचाच्या लाकडाचा सलग उंच तळवा बनवला. आज जगभर विकल्या जाणाऱ्या सलग टाचेच्या चपलांमागे हे काम आहे. तळघरातील संग्रहालयात हा सगळा प्रवास मांडलेला आहे, ते अवश्य पाहावे.

परंतु त्या संग्रहालयाआधी समोरच्या सांता त्रिनिता चर्चमध्ये जावे. आत सास्सेत्ती कुटुंबाचे प्रार्थनादालन आहे. फ्रान्चेस्को सास्सेत्ती हा मेदिचींच्या पेढीचा मुख्य व्यवस्थापक होता आणि गिरलांदायोकडून त्याने १४८३ ते १४८५ या काळात हे दालन रंगवून घेतले. एका चित्रात खिडकीतून पडून मरण पावलेल्या मुलाला संत फ्रान्सिस पुन्हा जिवंत करतात असा प्रसंग आहे, आणि तो प्रसंग चित्रकाराने बाहेरच्याच चौकात घडवला आहे. मूल ज्या वाड्याच्या खिडकीतून पडते तो वाडा म्हणजे स्पिनी वाडा. चित्र पाहून बाहेर पडले की तीच इमारत समोर उभी असते, आणि तिच्या तळमजल्यावर जोडे विकायला ठेवलेले असतात. फ्लोरेन्स समजून घेण्यासाठी याहून चांगली जागा मला माहीत नाही.

पुढचा मार्ग थोडक्यात सांगतो. सांता त्रिनिता पुलावरून पोन्ते वेक्कियो हा जुना पूल पाहावा. मग नदीकाठाने त्याच्यापर्यंत जावे, तिथून नव्या बाजाराचे छत, कालिमाला रस्ता, ओर्सानमिकेले आणि शेवटी सिन्योरिया चौक. ओर्सानमिकेलेच्या बाहेरच्या कोनाड्यांत निरनिराळ्या श्रेण्यांनी आपापल्या संरक्षक संताची मूर्ती बसवली. चिलखत बनवणाऱ्यांसाठी दोनातेल्लोने संत जॉर्ज घडवला, तागाचे कापड विकणाऱ्यांसाठी संत मार्क. कोनाड्यांत आता प्रतिकृती आहेत. मूळ संत मार्क त्याच इमारतीच्या वरच्या मजल्यावर आहे आणि संत जॉर्ज बार्जेल्लो संग्रहालयात.

ज्यांनी हा भाग पाहिला आहे त्यांनी भर घालावी, आणि ज्यांना जायचे आहे त्यांनी निःसंकोच विचारावे.

मुळाकाठी

फार उपयुक्त लेख आहे. आम्ही आई-वडिलांना घेऊन जाणार आहोत. दोघेही सत्तरीच्या पुढचे आहेत. ही सगळी पायवाट त्यांना एका दिवसात झेपेल का, आणि कोणता दिवस टाळावा?

अर्नोकाठ

सगळे अंतर मिळून दोन-तीन किलोमीटरांहून फार नाही आणि चढ जवळजवळ नाहीच. त्रास होतो तो दगडी फरशीचा. ती उंचसखल आहे आणि पावसात निसरडी होते, म्हणून जाड तळव्याचे बूट हवेत. सकाळी सांता मारिया नोव्हेल्लापासून सांता त्रिनितापर्यंत यावे, दुपारी विश्रांती घ्यावी आणि ऊन उतरल्यावर पुलापासून पुढे जावे. सोमवारी उफीझी आणि पित्ती राजवाडा बंद असतात, आणि लहान कारागिरांची काही दुकाने सोमवारी सकाळी उघडत नाहीत. चर्चमध्ये दुपारी काही तास दार बंद असते, त्यामुळे सांता त्रिनिता सकाळीच पाहून घ्यावे. तिथे चित्रांवरचा दिवा नाणे टाकल्यावर लागतो, म्हणून सुटी नाणी जवळ ठेवावीत. कॅथीड्रलच्या घुमटाच्या ४६३ पायऱ्यांचा विचार मात्र त्यांच्यासाठी करू नये. तिथे उद्वाहक नाही.

दगडफूल

लेख आवडला, तरी एका मुद्द्यावर मतभेद नोंदवतो. व्हिया तोर्नाबुओनीवर आज जी दालने आहेत तीच दुबईत, सिंगापुरात आणि आता मुंबईतही आहेत. वस्तू त्याच, मांडणी तीच, गणवेशातले विक्रेतेही तसेच. वाडा जुना आहे म्हणून दुकानाला इतिहास चिकटत नाही. उलट या दालनांना परवडणारे भाडे छोट्या दुकानांना परवडत नाही, आणि शहराच्या मध्यभागातून रोजच्या गरजेची दुकाने आणि राहणारी माणसे दोन्ही कमी होत जातात. २०२३ मध्ये नगरपालिकेला ऐतिहासिक मध्यभागात पर्यटकांसाठी घरे अल्प मुदतीने भाड्याने देण्याच्या नव्या परवानग्या बंद कराव्या लागल्या, यावरून परिस्थितीचा अंदाज येतो. प्रवाशाने आपला वेळ आणि पैसा नदीपलीकडच्या ओल्त्रार्नो भागातील कारागिरांकडे न्यावा असे मला वाटते. तिथे चौकटींना सोन्याचा वर्ख लावणारे, पुस्तकबांधणी करणारे, चांदीकाम करणारे लोक अजून दाराशी काम करताना दिसतात.

अर्नोकाठ

दगडफूल, भाड्याचा आणि रहिवाशांचा मुद्दा मला पूर्णपणे मान्य आहे, आणि तो गंभीर आहे. ओल्त्रार्नोची शिफारसही योग्यच आहे. सान फ्रेदियानो भागात १७८६ पासून एक रेशीम कारखाना आहे, जिथे जुन्या हातमागांवर अजून कापड विणले जाते. भेटीसाठी आधी वेळ ठरवावी लागते.

परंतु दालनांना इतिहास चिकटत नाही, हे मला पटत नाही. आज जगाला जी ‘इटालियन फॅशन’ माहीत आहे तिचा बाजार याच शहरात उभा राहिला. १९५१ च्या फेब्रुवारीत जोव्हान्नी बात्तिस्ता जोर्जिनी या फ्लोरेन्सच्या व्यापाऱ्याने आपल्या घरी अमेरिकेतील मोठ्या दुकानांच्या खरेदीदारांना बोलावले आणि इटलीच्या शिंप्यांचे कपडे दाखवले. ते खरेदीदार तोपर्यंत केवळ पॅरिसला जात आणि इटलीत पॅरिसच्या नकला मिळतात असे समजत. जोर्जिनीची अट होती की इथे येणारा प्रत्येक कपडा इटलीच्याच कल्पनेतून आलेला असावा. पुढच्या वर्षी हे प्रदर्शन पित्ती राजवाड्याच्या श्वेत दालनात भरले आणि पुढची तीसेक वर्षे तिथे भरत राहिले. मिलानने आघाडी घेतली ती नंतर. पित्ती पाहताना ते झुंबरांचे दालन नुसते ओलांडून जाऊ नये.

आणि श्रेण्यांनी जे केले तेच गुची, फेरागामो यांसारखी घराणी करत होती. कच्चा माल दुसरीकडचा, कसब इथले, आणि भाव त्या कसबाचा. त्यात किती कसब उरले आहे आणि किती नुसते नाव, हा प्रश्न रास्त आहे; पण तो प्रश्न विचारायला त्या रस्त्यावर जावेच लागते.

शिवणदोरा

चामड्याविषयी थोडे लिहितो, कारण फसगत तिथेच सर्वांत जास्त होते. माझा व्यवसाय चामड्याशी संबंधित आहे.

फ्लोरेन्स ज्या प्रांतात आहे त्या टस्कनीची खरी ओळख म्हणजे वनस्पतींच्या सालीतील द्रव्यांनी कमावलेले चामडे. चेस्टनटसारख्या झाडांच्या अर्कात कातडे कित्येक आठवडे मुरवतात. जगातील बहुतांश चामडे मात्र क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले असते; ते एक-दोन दिवसांत तयार होते, मऊ असते आणि पाण्याला टिकते. क्रोमचे चामडे वाईट नसते, परंतु त्यासाठी सालीच्या चामड्याचा भाव देऊ नये. ओळखायचे कसे? पिशवीची कापलेली कड पाहावी. सालीने कमावलेल्या चामड्याची कड बदामी ते तपकिरी असते, क्रोमच्या चामड्याची आतली बाजू बहुधा निळसर करडी असते. कड रंगाच्या जाड थराने झाकलेली असेल तर विक्रेत्याला विचारावे आणि उत्तर नीट ऐकावे. सालीचे चामडे वापराने गडद होत जाते, त्यावर हाताचे ठसे उमटतात. त्याला दोष समजू नये. टस्कनीच्या चर्मोद्योगांच्या संघाचे क्रमांक घातलेले हमीपत्रही अनेक वस्तूंसोबत येते, ते मागून घ्यावे.

काम चालताना पाहायचे असेल तर सांता क्रोचे चर्चच्या मागच्या बाजूला जावे. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९५० मध्ये, तिथल्या फ्रान्सिस्कन साधूंनी चर्मव्यवसायातील दोन कुटुंबांच्या साहाय्याने चर्मकला शाळा सुरू केली. युद्धात अनाथ झालेल्या मुलांच्या हाताला काम मिळावे हा उद्देश होता. शाळा अजून चालू आहे. एकेकाळी नवदीक्षित साधू राहत त्या भागात आज कारागीर बसतात आणि चामड्यावर सोन्याचा वर्ख ठसवताना पाहता येतात. त्याच परिसरात चर्मकारांच्या नावाचा रस्ता आहे, कारण मध्ययुगात कातडी कमावण्याचे काम नदीच्या याच बाजूला चाले.

आणखी एक गोष्ट. जून २०२५ मध्ये मिलानमध्ये प्रादा कंपनीच्या पुरुषांच्या कपड्यांच्या प्रदर्शनात कोल्हापुरी चपलांशी थेट साम्य असलेली पादत्राणे दिसली आणि आपल्याकडून तीव्र आक्षेप घेतला गेला. त्यानंतर भारतीय पारंपरिक पादत्राणांपासून प्रेरणा घेतल्याचे कंपनीने मान्य केले. कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले होते. श्रेण्यांनी आपल्या मालावरची खूण सातशे वर्षांपूर्वी किती कडकपणे जपली हे फ्लोरेन्समध्ये पाहिल्यावर, आपल्या कारागिरांच्या खुणेला कायद्याचे बळ मिळणे किती आवश्यक आहे हे मला अधिक तीव्रतेने जाणवले.

पंचगंगा

कोल्हापूरचा विषय निघालाच आहे, तर फ्लोरेन्समधील ज्या जागेवर प्रत्येक मराठी माणसाने जावे असे मला मनापासून वाटते ती सांगते.

कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज १८७० मध्ये युरोपच्या दौऱ्यावर गेले. इंग्लंड पाहून परत येताना फ्लोरेन्समध्ये ते आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी तिथेच निवर्तले. त्यांचे वय होते अवघे वीस. त्या काळी इटलीत दहनाची पद्धत नव्हती, परवानगी मिळवणे सोपे नव्हते. तरीही शहराच्या अधिकाऱ्यांनी ती दिली. दहन दोन नद्यांच्या संगमावर व्हावे, म्हणून अर्नो आणि मुन्योने यांच्या संगमाची जागा निवडली गेली. कास्चीने या विस्तीर्ण उद्यानाच्या अगदी पश्चिम टोकाला ही जागा आहे. १८७४ मध्ये तिथे छत्री उभारली गेली. तिच्याखाली महाराजांचा रंगीत अर्धपुतळा आहे, डोक्यावर पागोटे आणि अंगावर दागिने. पुतळा फुलर या शिल्पकाराचा, छत्रीचा आराखडा चार्ल्स मँट यांचा. कोल्हापूरचा नवा राजवाडा ज्यांनी रेखला तेच हे मँट.

फ्लोरेन्सचे लोक या स्मारकाला ‘भारतीय’ म्हणूनच ओळखतात, आणि जवळच १९७८ मध्ये वाहतुकीसाठी खुल्या झालेल्या पुलालाही तेच नाव आहे. उद्यान साडेतीन किलोमीटर लांब आहे, त्यामुळे शहराच्या बाजूने चालत गेल्यास वेळ लागतो. सायकल भाड्याने घेतल्यास बरे पडते. दुकाने आणि वाडे पाहून झाल्यावर एक संध्याकाळ इथे अवश्य द्यावी. आई-वडिलांना नेणाऱ्यांनी टॅक्सीने जावे.

अर्नोकाठ

पंचगंगाताई, ही माहिती या धाग्यात आली याचा फार आनंद झाला. १८७० मध्ये फ्लोरेन्स राजधानी होते आणि नगरपालिका स्पिनी फेरोनी वाड्यात बसत होती, हे लक्षात घेतले म्हणजे महाराजांच्या दहनाच्या वेळचे शहर कसे होते याची कल्पना येते. तो काळ जुन्या तटबंद्या पाडून रुंद रस्ते काढण्याचा होता.

मांडवीतीर

गोव्याचाही धागा इथे जोडतो. जुन्या गोव्यातील बॉम जेझू बाझिलिकेत संत फ्रान्सिस झेवियर यांची चांदीची पेटी ज्या संगमरवरी चौथऱ्यावर आहे तो फ्लोरेन्समध्ये घडला. टस्कनीचा ग्रँड ड्यूक कोझिमो तिसरा याने तो भेट दिला. संतांच्या मस्तकाखालची उशी त्याला मिळाली होती, त्याची ही परतफेड. शिल्पकार जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी याला या कामाला दहा वर्षे लागली आणि १६९८ मध्ये ते गोव्यात बसवले गेले. चौथऱ्यावर काशाचे चार फलक आहेत आणि रंगीत दगडांची जडणघडण आहे.

ही दगडांची कला फ्लोरेन्सच्या दरबारी कारखान्यांत वाढली. ग्रँड ड्यूक फेर्दिनांदो पहिला याने १५८८ मध्ये हा कारखाना अधिकृतपणे स्थापन केला, आणि त्याच्याच वारशाचे संग्रहालय आज व्हिया देली आल्फानी या रस्त्यावर आहे. गर्दी फार नसते. दगडाच्या नैसर्गिक छटांतून ढग, पक्ष्यांची पिसे आणि फळांवरची चमक कशी साधली आहे ते तिथे जवळून पाहता येते, आणि कामाची जुनी बाके आणि अवजारेही ठेवलेली आहेत. त्यानंतर सान लोरेन्झो चर्चमागचे मेदिचींचे समाधीदालन पाहावे. त्या भिंती म्हणजे या कलेची परिसीमा आहे. गोव्याचा चौथरा ज्यांनी पाहिला आहे त्यांना तिथे ओळखीचे हात दिसतील.

अर्नोकाठ यांनी सास्सेत्ती घराण्याचा उल्लेख केला. त्याच घराण्यातील फिलिप्पो सास्सेत्ती मिऱ्यांच्या व्यापारासाठी भारतात आला, कोची आणि गोव्याहून त्याने इथले लोक, वनस्पती आणि भाषा यांविषयी विस्तृत पत्रे लिहिली, आणि १५८८ मध्ये गोव्यातच वारला.

मुळाकाठी

सर्वांचे आभार. दोन व्यावहारिक प्रश्न उरले आहेत. कर परत मिळतो असे ऐकले आहे, त्याची रीत काय? आणि पोन्ते वेक्कियोवर सोने घ्यावे का? आईची तशी इच्छा आहे.

शिवणदोरा

कराचे मी सांगतो. इटलीत बहुतेक वस्तूंच्या किमतीत २२ टक्के मूल्यवर्धित कर धरलेला असतो. युरोपीय संघाबाहेर राहणाऱ्यांना तो परत मागता येतो. फेब्रुवारी २०२४ पासून त्यासाठीची किमान खरेदीची मर्यादा बरीच खाली आली. पूर्वी एका पावतीवर साधारण १५५ युरोंची खरेदी लागे, आता ७० युरोंच्या वर असली तरी चालते. खरेदी करताना पासपोर्ट दाखवून अर्ज भरून घ्यावा. वस्तू न वापरता सोबत ठेवावी आणि युरोपीय संघातून बाहेर पडतानाच्या शेवटच्या विमानतळावर सीमाशुल्क विभागाची मान्यता घ्यावी. दुबई किंवा दोहामार्गे येत असाल तर ती इटलीतच घ्यावी लागेल. मध्यस्थ कंपनी आपले शुल्क कापते, त्यामुळे हातात २२ टक्क्यांपेक्षा बरीच कमी रक्कम येते. सामान तपासणीआधीच हे काम करावे आणि त्यासाठी विमानतळावर लवकर पोहोचावे.

सवलतींचा हंगाम जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आणि जुलैच्या सुरुवातीला लागतो. रस्त्यावर चादर पसरून विकल्या जाणाऱ्या नामांकित कंपन्यांच्या नकली पिशव्या मुळीच घेऊ नयेत. इटलीत विकत घेणाऱ्यालाही दंड होतो आणि तो सात हजार युरोंपर्यंत जाऊ शकतो.

अर्नोकाठ

सोन्याविषयी. आजचा पूल १३४५ चा आहे. आधीचा १३३३ च्या पुराने नेला. त्यावर पूर्वी खाटकांची दुकाने होती. पुलाच्या वरून मेदिचींचा खासगी मार्ग जातो. व्हासारीने तो १५६५ मध्ये अवघ्या पाच महिन्यांत बांधला होता, आणि दीर्घ दुरुस्तीनंतर डिसेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा खुला झाला. फेर्दिनांदो पहिला याला खालचा दर्प आणि अस्वच्छता सहन होईना, म्हणून १५९३ मध्ये त्याने खाटकांना हलवून सुवर्णकारांना आणले. तेव्हापासून तिथे सराफीच आहे. १९४४ च्या ऑगस्टमध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने शहरातले बाकी सगळे पूल उडवले, हा एकच ठेवला. त्याच्या दोन्ही टोकांची जुनी घरे मात्र सुरुंग लावून पाडली, म्हणून तिथल्या इमारती नव्या दिसतात. ४ नोव्हेंबर १९६६ च्या पुरात यातली अनेक दुकाने धुऊन निघाली, तरी सराफ परत आले.

आईंना आधी एक सांगावे: इटलीतले दागिने बहुधा १८ कॅरटचे असतात, आपल्याकडच्यासारखे २२ कॅरटचे नसतात. दागिन्यावर ७५० हा आकडा ठसवलेला असतो, म्हणजे हजार भागांत ७५० भाग सोने. त्याशेजारी चांदणी, कारागिराचा क्रमांक आणि जिल्ह्याची दोन अक्षरे असतात. ही दोन अक्षरे फ्लोरेन्सची आहेत की टस्कनीतल्याच आरेत्सो या शहराची, हे पाहण्यासारखे असते, कारण दुकान पुलावर असले तरी साखळ्यांचा मोठा भाग आरेत्सोच्या कारखान्यांत बनतो. त्यात कमीपणा काही नाही. पण पुलाचा भाव देताना ते माहीत असावे. फ्लोरेन्सची स्वतःची कला म्हणजे सोन्यावर छिन्नीने केलेली बारीक कोरीव जाळी. रेशमी कापडासारखा पोत असलेली एखादी अंगठी किंवा कर्णफुले त्या कलेत मिळतात, आणि तीच घ्यावीत असे मी सुचवीन. नुसते वजन घ्यायचे असेल तर ते पुण्यात घेतलेले बरे. घडणावळ इथे किमतीतच धरलेली असते, म्हणून पावतीवर वजन, शुद्धता आणि खडे असल्यास त्यांचे वर्णन लिहून घ्यावे. भारतात उतरल्यावर सीमाशुल्क अधिकाऱ्यांना दाखवण्यासाठी तीच पावती लागेल.